तुम्ही विचारलंत म्हणून: मी सकाळचा रस का पीत नाही

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात भाजी निवडताना, लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये, प्रश्न ठरलेला. "मॅडम, तुम्ही केमिस्ट्री शिकवता, तरी आरोग्याच्या खाण्याची एवढी थट्टा का? सकाळचा दुधीचा रस नाही, ओट्स नाहीत, आणि खोबरं मात्र रोज!" विचारणारीच्या हातात बहुतेक वेळा पोयींची, म्हणजे आमच्याकडच्या कोंड्याच्या पावांची, पिशवी असते. डायबेटिस आहे ना, म्हणून मैद्याचा पाव वाईट आणि पोय चांगली. हल्ली बऱ्याच पोयींत आत मैदाच असतो आणि कोंडा वरून भुरभुरलेला, असं मी एकदा बोलून गेले. एक मैत्रीण अजून नीट बोलत नाही.

थट्टा नाही करत मी. निदान नेहमी नाही.

पण माझ्या हयातीत जे पाहिलं ते कसं विसरू? लहानपणी उकड्या तांदळाचा भात घरच्यांसाठी आणि कामाला आलेल्यांसाठी. पाहुणे आले की सुरय, म्हणजे न उकडलेले पांढरे तांदूळ, शिजायचे. आता तोच लालसर उकडा पणजीत सुंदर पिशवीत घालून विकतात आणि सुरय खाणाऱ्याकडे लोक दयेने बघतात. उकड्यात गुण आहे, नाही म्हणत नाही. भात साळीसकट उकडला की कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं. कोंडा घालवून पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात, हे आइकमन या डच डॉक्टरला जावामध्ये १८९० च्या दशकात दिसलं आणि १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण आमच्याकडे उकडा मागे पडला आणि पुन्हा पुढे आला, तो काही कोंबड्या बघून नव्हे. दोन्ही वेळा प्रतिष्ठेनेच ठरवलं.

आता रसाचं.

माझे वडील निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला जाऊ लागले. त्या मंडळींत दुधीचा रस सुरू झाला. हृदयाला चांगला, साखरेला चांगला, वजनाला चांगला. बाबांनी तर परसातच वेल लावला. शेणखत, विहिरीचं पाणी, फवारणी नाही. "बाजारातलं विष नको," हे त्यांचं पालुपद. मीही त्यावर कधी काही बोलले नव्हते. दुधीने कुणाचं काय बिघडणार?

त्या उन्हाळ्यात पाण्याची ओढ होती. एका सकाळी आईने रस काढला, जिभेवर थेंब घेतला आणि म्हणाली, "कडू आहे हो, टाकूया." बाबा म्हणाले, "कडू तेच औषध," आणि पेला उभ्याउभ्या संपवला. तोंड वाकडं केलं, पण त्या वाकड्या तोंडातही समाधान होतं. कडू गिळण्यात आपल्याला पुण्य मिळाल्यासारखं वाटतं. कारलं, कडुनिंब, काडेचिराईत, सगळं नाक दाबून गिळलेली पिढी ती.

अर्ध्या तासात पोटात कळा, मग उलट्या, मग उलटीत रक्त. हॉस्पिटलात पोचेपर्यंत रक्तदाब इतका खाली गेला होता की त्यांना मान धरता येत नव्हती. ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं, "काय खाल्लं होतं?" आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "काल रात्री सुंगटांचं हुमण!" म्हणजे कोळंबीचं, नारळ घातलेलं कालवण. कुणाच्या तोंडी रस आला नाही. रस म्हणजे खाणं नव्हेच, रस म्हणजे आरोग्य. सुंगटं कुठून आणली, किती वाजता शिजवली, बर्फात होती का, याची उलटतपासणी चालली. मीही तीत होते. अखेर आई कोपऱ्यातून म्हणाली, "सकाळचा रस कडू होता." त्या डॉक्टरने, मुलगाच होता तो, झटकन मान वर केली.

कुकर्बिटासिन. काकडीच्या कुळातली झाडं कीड आणि जनावरं दूर ठेवायला ही संयुगं बनवतात. माणसाने शतकानुशतकं निवडून दुधी गोडसर केला, पण पाण्याचा ताण, कडक ऊन, नाहीतर रानटी जातीशी संकर झाला की कडवटपणा परत येतो. त्याला उतारा नाही. सलाईन लावायचं, रक्तदाब सांभाळायचा आणि वाट बघायची. २०१० मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता, त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने साधी गोष्ट सांगितली: रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्या. कारलं कडूच असतं. दुधी कडू असता कामा नये. आईच्या जिभेने समितीचं काम केलं होतं, फक्त तिचं कुणी ऐकलं नाही.

बाबा वाचले. आणि घरी आल्यावर त्यांनी काय सोडलं असेल? सुंगटं! रिपोर्ट मी वाचून दाखवले, फळ्यावर काढावी तशी संयुगाची आकृती काढली. ते शांतपणे ऐकत आणि म्हणत, "असेल, पण रस शुद्ध होता ग. आपल्या परसातला." पुढे हृदयविकाराने गेले, तोवर सुंगटांना हात लावला नाही. एका रविवारी मी म्हापशाहून मुद्दाम ताजी नेली, आईने त्यांच्या आवडीचं केलं, तर ताट सरकवून उठले. मी काहीबाही बोलले. ते इथे लिहिणार नाही.

म्हणजे रस वाईट आणि खोबरं चांगलं, असं मी म्हणतेय का? पूर्वी म्हणायचे. "आमची आजी खोबरं खाऊन नव्वदी पार गेली," हे माझं हुकमी वाक्य होतं. आता मीच मला विचारते, खोबरं खाऊन पंचावन्नाव्या वर्षी गेलेले आजोबा त्या वाक्यात का नसतात? आजी दिवसभर माडाखाली, विहिरीवर, गोठ्यात राबायची. मी दिवसभर खुर्चीवर आणि स्कूटरवर. खोबरेल तेलात ऐंशी टक्क्यांहून जास्त संपृक्त मेद असतो आणि त्याने रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये पुन्हा सांगितलं. ते सांगताहेत म्हणून खोटं, असं म्हणायची सोय मला नाही. पण ज्या पिढीला खोबरेल सोडायला सांगितलं, तिच्या डब्यात वनस्पती तूप आलं. त्यातल्या हृदयाला घातक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे यायला जानेवारी २०२२ उजाडलं. मग चिडू नको तर काय करू?

माझं स्वतःचं एलडीएल वाढलेलं आहे. गोळी घेते. हुमणात नारळ पूर्वीच्या निम्मा घालते, आणि हे माहेरी सांगितलेलं नाही. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणते, "मम्मी, नुसती गोळी घेऊन काय होणार, सकाळी ओट्स खा." ओट्सने एलडीएल थोडं खाली येतं, हे मला माहीत आहे, शिकवणारीच मी. तरी मी तिला म्हणते, पेज काय वाईट आहे? ती म्हणते, "पेजेचा पुरावा दे." तो वाद मागच्या रविवारी अर्धवट राहिला, कारण गॅसवर भात होता.