हडसन नदी, एक गलबत आणि पीट सीगर

गाणे आणि समाजकार्य या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात कशा बसवायच्या, असे आमच्या कलापथकातील तरुण मुले हल्ली वारंवार विचारतात, तेव्हा मला पीट सीगर (१९१९–२०१४) यांच्याविषयी सांगावेसे वाटते. अमेरिकी लोकसंगीताच्या परंपरेतील हे बॅन्जोवादक गीतकार १९४९ पासून हडसन नदीकाठच्या बीकनजवळ, स्वतः बांधलेल्या लाकडी घरात राहत.

१९५५ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांनी आपल्या राजकीय संबंधांविषयी बोलण्यास नकार दिला. त्यासाठी १९६१ मध्ये ठोठावलेली एक वर्षाची शिक्षा पुढच्याच वर्षी रद्द झाली, परंतु दूरचित्रवाणीची दारे बराच काळ बंद राहिली आणि ते शाळा-महाविद्यालयांतून, मुलांच्या शिबिरांतून गात फिरले. त्यांच्या पुढील कामाचा पाया माझ्या मते इथेच घातला गेला, कारण त्यांचा श्रोतृवर्ग याच मुलांमधून घडला.

त्या काळी हडसनमध्ये सांडपाणी आणि कारखान्यांची घाण सर्रास सोडली जात असे. १९६६ मध्ये सीगर आणि त्यांच्या सोबत्यांनी पूर्वी या नदीवर चालणाऱ्या मालवाहू गलबतांसारखे एक गलबत बांधायचे ठरवले. लोक एकदा नदीवर आले की तिची काळजीही घेतील, असा त्यांचा विश्वास होता. मैफलींतून पैसा उभा राहिला, १०६ फूट लांबीचे ‘क्लिअरवॉटर’ १९६९ मध्ये मेन राज्यात पाण्यात उतरले, आणि पहिल्या सफरीतील खलाशांमध्ये गायक-वादकांचाच भरणा असल्याने वाटेतील गावांत कार्यक्रम करीत, देणग्या गोळा करीत ते न्यूयॉर्कला पोहोचले. या गलबतावर शाळेची मुले येतात, सगळी मिळून दोरखंड ओढत जड शीड वर चढवतात, जाळ्यात आलेले मासे जवळून पाहतात आणि पुन्हा नदीत सोडून देतात.

अशा कामाला चिकाटी किती लागते, हेही मुलांना कळले पाहिजे. जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांतून १९७७ पर्यंत नदीत गेलेल्या पीसीबी या घातक रसायनांचा गाळ उपसण्यास २००९ उजाडले.

मात्र या कथेत ज्यांचे नाव क्वचितच येते, त्या तोशी सीगर यांच्याशिवाय यातले काहीही उभे राहिले नसते. पतीचे कार्यक्रम ठरवणे, पत्रव्यवहार सांभाळणे, मुलांना वाढवणे आणि नदीकाठचा वार्षिक संगीत महोत्सव उभा करणे, हे सारे त्यांनी वर्षानुवर्षे केले. सीगर गाऊही शकले आणि समाजासाठी झटूही शकले, ते मुख्यतः यामुळेच. आमच्या कलापथकाचा हिशेब ठेवणाऱ्या आणि गाडीपासून जेवणापर्यंतची व्यवस्था पाहणाऱ्या दोघी ताईंची नावे आजवर कार्यक्रमपत्रिकेवर छापली गेलेली नाहीत. पुढील कार्यक्रमापासून ती गायकांच्या नावांबरोबर छापावीत, असा प्रस्ताव मी येत्या बैठकीत मांडणार आहे.