आमची वाटचाल : बुलेटिन छापणारे आम्ही ग्रुप सांभाळायला लागलो

व्यावसायिकांच्या संघटनांची मासिक बुलेटिनं छापणं हा आमचा मूळ धंदा. लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दोन गाळे, एक दोनरंगी ऑफसेट, बाजूला डीटीपीची खोली. करसल्लागार, आर्किटेक्ट, डॉक्टर, स्ट्रक्चरल इंजिनिअर. मुंबईत अशा संघटनांना तोटा नाही. सोळा पानांचा फर्मा (छपाईचा एक ताव), पहिल्या पानावर अध्यक्षीय मनोगत, शेवटच्या पानावर शाल-श्रीफळाचे फोटो. मजकूर उशिरा येणार, प्रूफं मानद चिटणीसांच्या बॅगेतून लोकलची वारी करणार आणि पोस्टात टाकायची तारीख मात्र हलणार नाही, हे आम्ही वर्षानुवर्षं निभावलं.

आज मशीन विकलंय. ग्राहक बरेचसे तेच आहेत, पण आता आम्ही त्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, लिंक्डइनचं पान आणि यूट्यूबवरची व्याख्यानं सांभाळतो.

सुरुवात अर्थातच फेसबुक पेजनं झाली, कारण त्या काळी प्रत्येक कार्यकारिणीला पेज हवं होतं. त्यावर फारसं लिहिण्यासारखं नाही. टाकलेलं सभासदांपर्यंत पोचायचंच कमी, आणि जानेवारी 2018 मध्ये फेसबुकनं घरच्यांच्या नि मित्रांच्या पोस्टना झुकतं माप द्यायचं जाहीर केल्यावर उरलंसुरलंही गेलं.

खरी शाळा भरली ती करसल्लागारांच्या एका संघटनेत. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि ग्रुप रात्री बारापर्यंत धडधडायला लागला. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपात तेव्हा 256 जण मावायचे. संघटना हजाराच्या घरातली, म्हणून ग्रुप लोकलच्या लाइनप्रमाणे पाडलेले: पश्चिम, मध्य, हार्बर आणि एक शहरातल्यांचा. एकच प्रश्न चारही ठिकाणी यायचा, आणि पश्चिमला मिळालेलं चांगलं उत्तर मध्यवाल्यांना कळायचंच नाही. आमच्या डीटीपीच्या खोलीत बसणारी मुलगी कॉमर्सची. तिनं आपणहून ही उत्तरं एका शीटमध्ये उतरवायला घेतली: प्रश्न, उत्तर, उत्तर देणाऱ्याचं नाव. शुक्रवारी ते संकलन चारही ग्रुपांत जायला लागलं, आणि एखाद्या शुक्रवारी उशीर झाला की फोन यायचे. बुलेटिन उशिरा आलं म्हणून असा फोन कधी आला नव्हता.

तिथं आमची दिशा ठरली. सत्काराच्या फोटोखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. तिला आम्ही प्रतिसाद धरत नाही. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्या कुणी रिव्हर्स चार्जवर (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं जीएसटी भरण्यावर) चार ओळी टाइप करतो, तो प्रतिसाद. बदलापूरचेच एक सभासद, सभेला क्वचित येणारे, उत्तरांमुळे सगळ्यांना माहीत झाले. पुढच्या वर्षी अभ्यासवर्गात व्याख्याता म्हणून त्यांनाच बोलावलं गेलं.

2018 च्या मध्याला फक्त अॅडमिननं लिहिण्याची सोय आली. पदाधिकारी खूश! काहींनी त्याच दिवशी ग्रुपाला कुलूप लावलं, आणि आठवड्याभरात तिथं स्मशानशांतता. तेव्हापासून आमचा आग्रह एकच: सूचनांचा ग्रुप बंद ठेवा, चर्चेचा उघडा ठेवा, दोन्ही एकत्र करू नका. नोव्हेंबर 2022 मध्ये अनेक ग्रुप एका छताखाली आणणाऱ्या कम्युनिटी आल्या, ग्रुपात 1024 जण बसू लागले, आणि ही विभागणी सोपी झाली. लाइनप्रमाणे पाडलेले ग्रुप मात्र लोकांनी मोडू दिले नाहीत. त्यात ओळखी झाल्या होत्या.

कधी काय टाकायचं हे त्या व्यवसायाच्या पंचांगावर ठरतं. दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील), 20 ला 3बी (कराचा हिशेब), ही जीएसटीची मासिक विवरणपत्रं भरायची मुदत. त्या दोन दिवसांत व्याख्यानाचं निमंत्रण टाकणं म्हणजे निमंत्रण वाया घालवणं. त्या दिवसांत प्रश्न येऊ द्यायचे. प्राप्तिकर विवरणपत्राची 31 जुलै जवळ आली की मुदतवाढीची खोटी पत्रं फिरतात, अगदी सही-शिक्क्यासह. त्यावर एकच नियम: अधिकृत संकेतस्थळावरची लिंक नसेल तर मेसेज उडणार, पाठवणारे माजी अध्यक्ष असले तरी. (हे आम्हाला एकदा करावं लागलं. साहेब काही दिवस बोलत नव्हते.) ग्राहकाचा पॅन दिसणारा स्क्रीनशॉटही लगेच काढतो.

बाहेरच्या एजन्सींना एक गोष्ट उशिरा कळते. या मंडळींना साबण विकल्यासारखं मिरवता येत नाही. सनदी लेखापालांवर 1949 च्या कायद्याची, वकिलांवर बार कौन्सिलच्या नियम 36 ची जाहिरातीबाबत बंधनं आहेत. त्यामुळे संघटनेच्या पानावर सभासदाचं कौतुक करताना ‘संपर्क साधा’ लिहायचं नाही, फर्मची महती गायची नाही. विषय मांडावा, नाव द्यावं, थांबावं. आमच्या मते त्यानंच पान जास्त वाचनीय होतं.

2020 च्या लॉकडाउननं व्याख्यानं झूमवर नेली आणि नाशिक-रत्नागिरीचे सभासदही जोडले गेले. लिंक्डइनवर तिशीच्या आतले येतात. इन्स्टाग्रामसाठी आम्ही स्वतःहून सुचवत नाही. कुणी हट्ट धरला तर करतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीत जातो: अॅडमिन कोण? कार्यकारिणी बदलते आणि पासवर्ड जुन्या चिटणीसांकडे राहतो. एका संघटनेचं पेज असंच गेलं. माजी पदाधिकाऱ्यांनी नंबर बदलला, पासवर्ड आठवत नाही म्हणाले, आणि सगळे फोटो तिथंच अडकले. आता नवं काम घेताना सिमकार्ड संघटनेच्या नावावर, ईमेल संघटनेचा आणि निदान तीन अॅडमिन, एवढं झाल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. पैसे पूर्वी फर्म्यावर ठरायचे, आता महिन्यावर ठरतात. चिटणीसांना अजून वाटतं की ‘नुसतं फोनवर तर करायचंय’.

करसल्लागारांच्या त्याच संघटनेचा करार येत्या एप्रिलपासून नवा होतोय. मसुद्यात आम्ही एक कलम घातलंय: महिन्याच्या संकलनात उत्तरं देणाऱ्यांची नावं आधी, अध्यक्षांचा फोटो नंतर. चिटणीसांना पटलंय. अध्यक्ष म्हणाले, कार्यकारिणीत ठेवू या.