फुलाफुलांचा ड्रेस, बाहेरचं जेवण आणि अडलेलं अस्तर

उन्हाळ्यात रात्री घरच्यांबरोबर बाहेर जेवायला जाताना घालायला एक साधा, सुटसुटीत, फुलाफुलांचा ड्रेस शिवून घ्यायचा होता. कापड मनासारखं मिळालं, मापं नीट झाली, गळा-बाही ठरली. सगळं अडलं ते अस्तरावर. शिवणाऱ्यांच्या लेखी अस्तर इतकं किरकोळ असतं की त्यावर धड बोलायलाही कुणी तयार नसतं. मला अजून त्याचा राग आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते आणि बाकीचं ओघात सांगते.

कापडाचं आधी उरकते. पांढरट जमिनीवर बारीक निळी-गुलाबी फुलं असलेलं सुती वॉइल, म्हणजे तलम पातळ कापड, घेतलं. वॉइल हवेशीर असतं आणि घाम लवकर वाळतो, पण ते आरपार दिसतं. केंब्रिक हे सुती कापड थोडं जाड, त्यामुळे गडद रंगात बिनअस्तराचंही चालून जातं. रेयॉनचा पडता घोळ सुंदर दिसतो, पण ते पहिल्या धुण्यात सुतीपेक्षा जास्त आटू शकतं आणि ओलं असताना कमजोर पडतं. दोन तास बसून जेवायचं आणि वर उकाडा, तेव्हा माझं मत वॉइललाच.

किती घ्यायचं त्याचा हिशोब असा: पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच. खालचा घेर दोन पूर्ण पन्ह्यांचा, म्हणजे शिलाई जाऊन साधारण ८६ इंच. त्याची उंची ३० इंच आणि दुमडीसाठी ३, असे दोन तुकडे मिळून ६६ इंच. वरच्या भागाचे पुढचा-मागचा असे दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात, त्याला १८ इंच. बाह्यांना १२. झाले ९६ इंच, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. खिसे आणि गळ्याची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी धरून पावणेतीन, आणि आटण्यासाठी वर पाव मीटर. एकूण तीन मीटर घ्या. फुलांचे देठ सगळे एकाच दिशेला असतील तर तुकडे उलटसुलट लावून कापड वाचवता येत नाही, तेव्हा या हिशोबात काटछाट करू नका. फुलं तळहाताएवढी मोठी असतील तर अर्धा मीटर आणखी हवं, नाहीतर मोठं फूल नको तिथे, नेमकं छातीवर एका बाजूला येतं.

शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं आणि उलट्या बाजूने इस्त्री करायची. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं. ३० इंच उंचीत ते आटणं इंच-दीड इंच होतं, आणि बसल्यावर गुडघ्याशी तोच इंच कमी पडतो. रंग जातो का ते पाहायला ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून बघायचा.

आता अस्तर.

टेलरकडे कापड देताना अस्तराबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "ताई, ते आमच्याकडे असतं, आम्ही लावतो." हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या: कापड कोणतं, रंग कोणता, आणि खालचा घेर किती. मी विचारल्या. तिन्हींना मिळून एकच उत्तर: "नेहमीसारखं करू, काळजी करू नका." पावतीवर नुसतं 'अस्तरासह' असं लिहिलं गेलं.

ट्रायलला ड्रेस आला तेव्हा आत पांढरंशुभ्र पॉलिएस्टरचं गुळगुळीत कापड होतं. त्यात चार दोष होते, आणि ते एकेक करून सांगायला हवेत, कारण कोणत्याही तयार ड्रेसमध्येही हेच चार तपासायचे असतात.

पहिला दोष कापडाचा. पॉलिएस्टर घाम शोषत नाही. वर कितीही चांगलं वॉइल असलं तरी अंगाला लागतं ते अस्तर. म्हणजे उन्हाळ्यासाठी निवडलेल्या सुती कापडाचा उपयोगच संपला. शिवाय एसीच्या कोरड्या हवेत ते पायांना चिकटतं.

दुसरा रंगाचा. पांढऱ्या कापडाखाली पांढरं अस्तर लावलं की ते जिथे संपतं ती कड बाहेरून स्पष्ट दिसते, कारण पांढरं आणि त्वचा यांतला फरक डोळ्यात भरतो. आपल्या त्वचेच्या रंगाच्या जवळचं, किंवा त्याहून किंचित फिकं अस्तर वरून दिसतच नाही. हे पटत नसेल तर कापडाखाली हाताची बोटं पसरून धरा. अर्ध्या बोटांवर, कापडाच्या आत, पांढरा कागद सरकवा. कागदाची कड लगेच दिसेल.

तिसरा घेराचा. बाहेरच्या कापडाचा घेर ८६ इंच आणि अस्तराचा घेर ४२, तोही सरळ नळीसारखा. उभं राहिलं तर सगळं ठीक. पाऊल टाकलं की गुडघा अस्तराला अडतो, आणि खुर्चीत बसलं की ते मांड्यांवर ताणून वर सरकतं. बसल्यावर नितंबांचं माप उभ्यापेक्षा वाढतं, बहुतेकांचं इंचभर तरी, काहींचं त्याहून जास्त. अस्तरात ती जागा ठेवलीच नव्हती. हे कापड वाचवण्यासाठी केलं जातं, दुसरं काही कारण नाही.

चौथा शिलाईचा, आणि सगळ्यांत त्रासदायक. वरच्या भागात अस्तर आणि वॉइल एकत्र धरून एकाच टिपेत शिवलं होतं आणि कडा इंटरलॉक करून (दोरे सुटू नयेत म्हणून दोऱ्याने वेढून) माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, जेमतेम पाव इंच ठेवली होती. पुढे हात लांबवला की पाठीत ताण येत होता, मुंढ्यात (बाही जोडतात तिथे) काचत होतं, पण सैल करायला आत कापडच उरलं नव्हतं. ट्रायल याला म्हणतात तरी कशाला? कच्च्या शिलाईत दाखवला तर ती ट्रायल. इंटरलॉक मारून, दुमड शिवून हातात दिला तर ती डिलिव्हरी.

मी सुती मलमलचं अस्तर हवं म्हटलं. त्यावर मास्टरांचं म्हणणं, "सुतीवर सुती चिकटतं, चालताना वर गोळा होतं. सगळे हेच लावतात." यातला पहिला भाग खरा आहे, म्हणून त्याला उत्तर देते. दोन्ही कापडं खरबरीत असली तर एकमेकांना धरतात, आणि घोट्यापर्यंतच्या लांब ड्रेसमध्ये किंवा आत लेगिंग असेल तर हा त्रास होतोच. पण अस्तर गुडघ्याच्या आसपास संपत असेल, खाली पसरट असेल आणि कमरेखाली मोकळं सोडलं असेल तर गोळा होत नाही. तरीही सुती नकोच असेल तर व्हिस्कोसचं (रेयॉनचाच प्रकार) अस्तर मागा. ते गुळगुळीत असूनही घाम शोषतं. तेही आधी भिजवून घ्यावं लागतं.

त्यानंतर 'उद्या या', 'कारागीर गावाला गेलाय', 'आज लाईट नव्हती' हे सगळं झालं. जेवायला जायची तारीख ठरलेली, टेबल सांगून ठेवलेलं, आणि ड्रेस दुकानात खुंटीला. या काळात एकच गोष्ट कामी आली: तोंडी बोलणं थांबवून कागदावर आकृती काढून दिली. नुसतं 'अस्तर बदला' म्हटलं की समोरच्याला ते प्रचंड काम वाटतं. काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे वेगळं लिहिलं की काम आटोक्यातलं दिसतं. कागदावर हे होतं:

गळ्याची शिलाई उसवायची नाही, आतलं अस्तर तिथून अर्धा इंच सोडून कापायचं आणि मलमल त्या पट्टीला जोडायची. वरच्या भागाचं अस्तर फक्त गळा, मुंढा आणि कंबर इथे धरायचं, बाजूच्या शिलाईत वेगळी टीप घालायची. पाठीच्या मध्यावर अस्तरात अर्ध्या इंचाची चुणी सोडायची, म्हणजे हात पुढे केल्यावर ताण येणार नाही. खालचं अस्तर कमरेवर नितंबांच्या मापापेक्षा ४ इंच जास्त, तळाला ५६ ते ६० इंच पसरट. उंची वरच्या ड्रेसपेक्षा ३ इंच कमी. कड दुमडून जाड शिलाई नको, ती वॉइलमधून रेघेसारखी दिसते. बारीक पिको (कडेवर मशीनने घातलेली बारीक वेढणी) किंवा अगदी अरुंद दुमड. दोन्ही काखांत उरलेल्या कापडाची २ इंचांची कळी, म्हणजे सैल करायला जोडलेला छोटा तुकडा.

ती कळी शक्य झाली कारण उरलेलं कापड मी आधीच मागून घेतलं होतं. हे कायम करा. उरलेल्या चिंध्याही परत मागा. वॉइल उसवताना फाटलं तर त्याच छाप्याचा तुकडा पुन्हा बाजारात मिळेलच असं नाही. उसवायचं तेव्हा ब्लेडने नको, टोकदार उसवणीने तिसरा-चौथा टाका कापत जायचं आणि दोरा ओढून काढायचा. सुतीवर राहिलेली सुईची भोकं पाणी शिंपडून, नखाने हलकं घासून इस्त्री केली की बहुतेक मिटतात. पॉलिएस्टर आणि सिल्कवर मात्र ती राहतात.

मलमल मी स्वतः आणून, भिजवून, इस्त्री करून दिली. सव्वादोन मीटर पुरली. वॉइल आटलेलं आणि अस्तर न आटलेलं असलं की पहिल्या धुण्यानंतर अस्तर आखडतं आणि वरचं कापड कमरेशी फुगतं, म्हणून दोन्ही आधी भिजलेलीच हवीत. कामाला लागल्यावर ते एका बैठकीत झालं. म्हणजे एवढे दिवस अडलं होतं ते कामामुळे नव्हतं, तर ऐकून घेण्यामुळे. ड्रेस हातात आला, खुर्चीत बसले, पुढे वाकले, हात लांब केले, कुठेही काचलं नाही, तेव्हा खरंच बरं वाटलं.

तर पावतीवर लिहून घ्यायच्या गोष्टी: अस्तराचं कापड, रंग, तळाचा घेर, माया (एक इंच, नाहीतर निदान पाऊण), ट्रायल कच्च्या शिलाईत, आणि ट्रायल व डिलिव्हरी यांच्या दोन वेगळ्या तारखा. कार्यक्रम आणि डिलिव्हरी यांच्यात आठवडाभर मोकळा ठेवा.

ट्रायल देताना आरशासमोर उभं राहून समाधान मानू नका. दुकानातलं स्टूल घ्या आणि बसा. बसल्यावर कड किती वर जाते ते बघा. उभं असताना गुडघ्याखाली ३-४ इंच असेल तरच बसल्यावर गुडघा झाकतो. टेबलापलीकडचं काही घेतल्यासारखा हात लांबवा. मूल मांडीवर घेणार असाल तर पुढे वाकून गळा किती उघडतो ते पाहा. मग पाठीमागे दिवा ठेवून कुणाला तरी समोरून बघायला सांगा. हॉटेलच्या दारात मागून उजेड येतो तेव्हा ड्रेस आरपार दिसतो, घरच्या आरशात ते कळत नाही.

बाहीचं राहिलं. घंटेसारखी पसरट बाही फोटोत छान दिसते आणि ताटात बुडते. जेवायला जायचं तर बाही कोपराच्या वर, किंवा मनगटाशी बटण असलेली. कमरेला मागच्या बाजूला अर्ध्या भागात इलास्टिक घालून घ्या, पुढचा भाग सपाट राहतो आणि जेवण झाल्यावर घट्ट होत नाही. चेन पाठीत असेल तर टेकून बसल्यावर टोचते, त्यापेक्षा डाव्या बाजूला लपती चेन बरी.

कापड घेताना रंग पिवळ्या दिव्याखालीही बघून घ्यायला हवा. पिवळ्या उजेडात पांढरं मोतिया दिसतं, फिकट जांभळं राखाडी पडतं, गडद निळं काळ्यासारखं वाटतं. लाल, नारिंगी, गुलाबी मात्र खुलतात. बारीक, दाट फुलांचा छापा मळखाऊ असतो, एखादा शिंतोडा त्यात हरवून जातो.

बरोबर पातळ सुती स्टोल असू द्या, बाहेर उकाडा आणि आत एसी हे ठरलेलंच. बाहेर हिरवळीवर टेबलं असतील तर टोकदार टाच मातीत रुतते. सपाट चप्पल किंवा वेजेस (सलग जाड टाचेची चप्पल) घाला. लहान मूल सोबत असेल तर लोंबते कानातले घरी ठेवा.

तेलाचा डाग पडला तर ओल्या रुमालाने घासू नका, तो पसरतो. कोरड्या कागदी रुमालाने टिपून घ्या. घरी आल्यावर टाल्कम पावडर टाकून अर्धा तास ठेवा, झटका, मग भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब बोटाने हलका चोळून पाण्याने धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेने तो पक्का बसतो. धुताना ड्रेस उलटा करा, गार पाणी वापरा, आणि वाळत घालताना अस्तर व वरचं कापड हाताने वेगवेगळं करून झटकून घ्या.