हिरड्यांचं डीप क्लिनिंग करून घेतलं त्याचा माझा अनुभव

दात क्लीन करून घेतले की हलायला लागतात, हे बेळगावजवळच्या आमच्या खानापूर भागात कुणालाही विचारा, छातीठोकपणे सांगतील, आणि प्रत्येकाच्या घरात एक काकी नाहीतर मामा असतोच ज्याचे क्लिनिंगनंतर वर्षभरात दात गेले. मी पण हेच ऐकत मोठी झालेय. आता माझं स्वतःचं सगळं होऊन बसलंय, म्हणजे साधं वरवरचं क्लिनिंग नव्हे, इंजेक्शन देऊन हिरडीच्या आतलं काढतात ते, आणि शेवटी एका ठिकाणी टाके पण पडले, तर म्हटलं लिहून टाकावं, कुणाला तरी उपयोग होईल.

माझं शिवणकाम आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत तर मान वर करायला सवड नसते. कात्री शेजारी असली तरी दोरा दातानंच तोडायचा ही शिवणाऱ्या बायकांची खोडच असते, आणि त्यातच एकदा लक्षात आलं की खालचा पुढचा एक दात दोऱ्याबरोबर किंचित पुढं येतोय. दुखत काहीच नव्हतं. ब्रश करताना रक्त यायचं ते मात्र खूप आधीपासून, थुंकी गुलाबी, सकाळी तोंडाला वास, पेरू चावला की पेरूवर लाल डाग. खरं दुखत नाही म्हटल्यावर डॉक्टरकडं कोण जातंय? दाढ किडली की माणूस मध्यरात्री उठून बसतो, हिरडीचं तसं नाही, आतलं हाड झिजत जातं आणि वर काही म्हणजे काही कळत नाही. बहुतेक लोक दात हलायला लागल्यावरच येतात असं नंतर डेंटल कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या.

आधी जवळच्याच एका दवाखान्यात दाखवलं. अँटिबायोटिक गोळ्या, हिरडीला लावायला गम पेंट, वर मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. रक्त थांबलं, थोड्या दिवसांत परत सुरू. लाईट लावून तोंडात एकदा नीट बघितलं सुद्धा नाही ह्याचा मला अजून राग येतो. गोळीनं सूज उतरते खरं दाताला चिकटलेलं किटण गोळीनं थोडंच विरघळणार. मिठाच्या गुळण्यांचं पण तसंच, बरं वाटतं, मी आजही करते, तेवढ्यानं किटण निघत नाही. जेवल्यावर दातावर जो पांढरा मऊ थर बसतो तो रोज निघाला तर ठीक, नाहीतर थोड्याच दिवसांत लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो आणि मग ब्रश कितीही घासा, तो हलत नाही. उलट जोरात घासून दात झिजतात. आमच्या अत्ती तर राखुंडीनं घासायच्या, दात पांढरेशुभ्र खरं मुळापाशी खाचा पडलेल्या.

बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, केएलईचं आणि मराठा मंडळाचं. त्यातल्या एकात गेले, सकाळची बस धरून, कारण ओपीडीचा कागद काढायलाच रांग असते. वेळ जातो हे आधीच सांगते, मशीनवर कामाचा ढीग ठेवून जाऊ नका. खरं तिथं हिरड्यांचा विभागच वेगळा असतो, शिकणारे डॉक्टर काम करतात आणि मागं मोठ्या मॅडम उभ्या असतात, आणि बाहेरच्या मानानं खर्च फारच कमी.

तिथं पहिल्यांदा माझ्या हिरड्या मोजल्या. हो, मोजतात. टोकाला काळ्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई असते, ती दात आणि हिरडीच्या मधे हळूच सोडतात आणि किती आत गेली ते बघतात, एका दाताला 6 ठिकाणी. एक पोरगी मोजत होती आणि दुसरी कागदावर लिहीत होती, "तीन, दोन, तीन, चार, तीन, पाच" असं चाललेलं, मला वाटलं कायतरी पाढेच म्हणायलेत. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं की तिथं खिसा तयार झालाय, आणि त्या खिशात तुमचा ब्रश पोचत नाही, जंतू मात्र आरामात राहतात. माझे पुढचे खालचे 5 आणि 6 निघाले, उजवीकडच्या दाढेपाशी 7. सात म्हटल्यावर त्या पोरीनं सळई परत घालून बघितली, तेव्हाच मी काय ते समजले.

मग एक्स-रे. जबड्याचा अख्खा आडवा फोटो. मॅडमनी पेनानं दाखवलं, हाड इथपर्यंत पाहिजे होतं, इथं आलंय. म्हणाल्या, "अक्का, नुसती हिरडी सुजून रक्त येत असतं तर ते पूर्ण बरं होतं. तुमचं हाड खाली गेलंय, ते परत वाढून वर येईल अशी आशा धरू नका, आहे तेवढं राखायचं." मला हे सरळ सांगितलं ते आवडलं. गोड बोलून काय उपयोग.

आणि लगेच विचारलं, शुगर तपासलीय का? मी म्हटलं मला कुठली शुगर, मी काय एवढी जाड नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करून आणायला सांगितली, ती आली 8.2. दात दाखवायला गेले आणि डायबिटीस घेऊन आले, आमचे हे अजून थट्टा करतात. खरं गंमत सोडा, शुगर जास्त असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो, हे दोन्हीकडनं चालतं. म्हणून आधी फिजिशियनकडनं गोळ्या सुरू केल्या, कुंदा बंद (बेळगावची खास मिठाई, आणि बेळगाव भागात राहून कुंदा बंद, काय सांगायचं), आणि मग क्लिनिंग.

डीप क्लिनिंग एका दिवसात सगळ्या तोंडाचं केलं नाही, एकेक बाजू घेतली. इंजेक्शन टोचताना दुखतं तेवढंच, मग ओठ जड होतो आणि पाण्याचा फवारा सोडणारं ते मशीन किर्रर्र करत फिरतं. करणारा पोरगा गदगकडचा होता, मधेमधे कानडीत "नोव आगतैतेन्री?", म्हणजे दुखतंय का, असं विचारायचा आणि मी तोंड उघडं असताना नुसती मान हलवायची, कारण दुखत नव्हतं, आवाजच नको वाटत होता. मशीन झाल्यावर हातातल्या बारीक अवजारानं मुळाची बाजू खरवडली, आणि दाढेपाशी एकदम 'टक' झालं. गॉजवर काढून दाखवलं, काळपट हिरवा कडक तुकडा, एका बाजूनं दाताच्या आकारात वळलेला, गुऱ्हाळात काहिलीच्या बुडाला करपलेली खरपुडी असते ना अगदी तसा. हा माझ्या हिरडीच्या आत किती वर्षं बसला होता देव जाणे.

आता त्या दात हलण्याविषयी. क्लिनिंग झालं त्या संध्याकाळी आरशात बघितलं तर पुढच्या दातांच्या मधे फटी, जीभ लावली की वारा जातोय असं वाटायचं, आणि गार पाणी लागलं की डोक्यात कळ. क्षणभर मला पण वाटलं, काकी खरं सांगत होती. खरं झालेलं असतं असं, की फटी आधीपासूनच असतात, किटणानं त्या भरलेल्या असतात आणि किटणाच्या भिंतीनंच हलणारे दात एकमेकाला धरून ठेवलेले असतात, ती भिंत काढली की खरी परिस्थिती दिसते. शिवाय सूज उतरली की हिरडी आक्रसते आणि मूळ थोडं उघडं पडतं, म्हणून गार लागतं. ज्या मामाचे दात क्लिनिंगनंतर गेले ते जाणारच होते, हाड आधीच गेलेलं, बिचाऱ्या डॉक्टरच्या नावावर बिल फाटलं. गार लागण्यासाठी सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट दिली, ती लावल्या लावल्या काम करत नाही, रोज वापरत राहिलं की हळूहळू कमी होतं.

क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश पण दिला होता, त्याचं एक सांगते. थोडे दिवसच वापरायचा असतो. दातावर तपकिरी डाग पडतात, चहा पिणाऱ्यांना तर जास्तच, आणि जिभेची चव जाते, मी आमटीत मीठ जास्त टाकायला लागले तेव्हा घरात बोंब झाली. चांगला आहे म्हणून वर्षभर आणत बसायचं औषध नाही ते.

खरं काम घरीच असतं आणि ते कंटाळवाणं असतं. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरपा, साधारण 45 अंशात धरायचा आणि जागच्या जागी बारीक हलवायचा, आरी चालवल्यासारखा आडवा ओढायचा नाही. दोन दातांच्या मधे इंटरडेंटल ब्रश, बाटली घासायच्या ब्रशचं पिल्लूच म्हणा. ह्याचे साइज असतात, फटीत घट्ट न बसता जेमतेम जाईल असा पाहिजे, माझ्या पुढच्या दातांना वेगळा आणि दाढांना वेगळा लागतो. खानापुरात मेडिकलवाल्याला समजावूनच सांगावं लागलं, शेवटी बेळगावात मिळाले. मी रात्री जेवणं आवरली की मशीनच्या लाईटखाली आरसा ठेवून बसते. सुरुवातीला मधल्या ब्रशला रक्त यायचं, भ्यायला होतं, खरं ते आलं म्हणून सोडायचं नाही, सूज आहे म्हणून येतं आणि साफ होत गेलं की आपोआप थांबतं. माझं थांबलं.

आईची गोष्ट वेगळी. माझं माहेर निपाणी, तंबाखूच्या वखारींचं गाव, आईची मशेरी लहानपणापासूनची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, त्या वासानं आम्ही पोरं खोकत बाहेर पळायचो. मी तिला माझं सगळं सांगितलं तर म्हणते, "माझ्या हिरडीतनं कधी थेंब येत नाही बघ, मशेरीनंच दात टिकलेत माझे." डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त येत नाही म्हणून आत काय चाललंय ते लपून राहतं, आणि बरं व्हायला पण वेळ लागतो. तिला हे पटवायचं म्हणजे डोंगर उचलायचा.

दोनेक महिन्यांनी परत मोजलं. पुढचे 5-6 वाले 3 वर आले, हलणारा दात पण बराच घट्ट झाला, हाड वाढलं म्हणून नव्हे, सूज गेल्यामुळं. साखर पण खाली आली, त्यात गोळ्यांचा वाटा मोठा असणार, हिरड्यांचा थोडाफार. उजवीकडची दाढ मात्र 6 वरच अडली. तिथं मुळांना फाटा असतो, आतलं न दिसता वरनं खरवडून पोचत नाही, म्हणून हिरडी थोडी उघडून साफ करायची आणि टाके घालायचे, फ्लॅप म्हणतात. शुगर आटोक्यात आल्यावरच केलं. दोन दिवस गाल सुजला, पेज आणि दहीभात, आठवड्यानं टाके काढले. एवढ्यात ब्लाऊजची डिलिव्हरी होती ती पण दिली.

आता दर 3 महिन्यांनी बोलावतात आणि ते बहुधा कायमचंच, कारण किटण परत बसतंच. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या, आमच्या भाऊजींच्या हिरड्या सुजून दातावर चढल्या होत्या ते बीपीच्या अॅम्लोडिपिनमुळं निघालं, गोळी मनानं बंद नाही केली, फिजिशियनला सांगून बदलून घेतली.

पुढच्या खेपेला आई बरोबर यायला तयार झालीय. नुसतं मोजून बघायचं, मशेरीबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, ह्या अटीवर.