विष बनवणारा जिवाणू स्वतः का मरत नाही?

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हटल्यावर लोक सहसा दह्याविषयी विचारतात. पण जिवाणू एकमेकांना विष घालून मारतात हे बोलता बोलता निघालं, की पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग विष बनवणारा स्वतः कसा मरत नाही?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मरतो. फक्त विषाने नाही.

आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचंच घ्या. त्याचा एक स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, दुसऱ्याला मारतो, हे आंद्रे ग्रासिया यांनी १९२५ साली बेल्जियममध्ये दाखवलं. या विषारी प्रथिनांना पुढे कोलिसिन हे नाव पडलं. काही कोलिसिनं समोरच्या पेशीच्या पटलाला भोक पाडतात, ई२ नावाचं कोलिसिन आत जाऊन डीएनए तोडतं. ई३ सगळ्यांत बेरकी. रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएवर नेमक्या एका जागी काप देतं, की पेशीत प्रथिनं बनणंच बंद. ही ई गटातली मंडळी शिरतात कुठून, तर ब-१२ जीवनसत्त्व आत घेण्यासाठी पेशीने ठेवलेल्या वाटेने!

आता बनवणाऱ्याचं. विषाच्या जनुकाला लागूनच उताऱ्याचं जनुक असतं. ई२, ई३ तयार होताच उतारा त्यांना घट्ट चिकटतो, त्यामुळे घरात धोका नाही. अडचण येते ती विष बाहेर काढताना. त्यासाठी पेशी आणखी एक प्रथिन बनवते, ते तिचंच आवरण फोडतं आणि ती मरते. अर्थात सगळ्या पेशी असं करत नाहीत. एरवी मोजक्याच करतात. डीएनएला इजा झाली की मात्र संख्या वाढते. याला बलिदान म्हणायची काहींना फार हौस. कसलं बलिदान? तीच जनुकं, तोच उतारा शेजारच्या भावंडांत शाबूत असतो, आणि मोकळी झालेली जागा त्यांनाच मिळते.

मग सगळीकडे विषारीच का उरत नाहीत? कारण काही जिवाणू ती ब-१२ची वाट बदलून विषाला दाद देत नाहीत. विष बाळगण्याचा खर्च नसल्यामुळे ते विषाऱ्यांपेक्षा वेगाने वाढतात. पण साध्या, विषाला बळी पडणाऱ्या जिवाणूंपुढे ते स्वतः मागे पडतात, आणि त्या साध्यांना विषारी मारतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे तिघे जिवाणू वाढवायच्या प्लेटवर एकमेकांच्या हद्दी खात एकत्र टिकले. हलवत ठेवलेल्या फ्लास्कमध्ये मात्र विषाला दाद न देणारेच उरले.