बीचवूडचं बंद फाटक

लॉस एंजेलिसला भाचीकडे गेले तेव्हा हट्ट एकच धरला होता: हॉलीवूडची ती पांढरी अक्षरं जवळून बघायची. बीचवूड ड्राइव्हवरून ती इतकी समोर दिसतात की वाटतं, आलंच. जुन्या दगडी वेशीतून आत शिरलो, तसा रस्ता वळणं घेत चढायला आणि अरुंद व्हायला लागला. दोन्ही अंगांना घरं, आणि पाट्यांवर पाट्या: परवान्याशिवाय गाडी लावू नये. टोकाला ग्रिफिथ पार्कचं फाटक. घोड्यांच्या तबेल्याकडे जाणाऱ्या गाड्या आत जात होत्या, पायी जाणाऱ्यांना मात्र मनाई.

"मावशी, उतरू नकोस. इथे गाडी थांबवताच येणार नाही," भाची म्हणाली. आल्या वाटेने परतलो.

मला फार लागलं ते. ग्रिफिथ जे. ग्रिफिथ या वेल्समधून आलेल्या माणसाने १८९६ साली आपली ३,०१५ एकर जमीन शहराला देऊन टाकली. साध्यासुध्या लोकांना मोकळं फिरायला जागा हवी, हा त्याचा आग्रह होता. आज पार्क ४,००० एकरांच्या वर आहे. बीचवूडच्या फाटकातून लोक वर्षानुवर्षं चालत जायचे. पुढे फोनवरच्या नकाशांनी जगभरच्या पाहुण्यांना याच गल्लीत आणून सोडलं. मग तबेल्याच्या वाटेच्या हक्कावरून खटला झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये शहराने पायी जाणाऱ्यांसाठी हे फाटक बंद केलं.

तिथे राहणाऱ्यांचा त्रास खोटा नाही. वणव्याचा धोका असलेल्या दिवसांत अशा डोंगरी गल्ल्यांत गाड्या लावायला बंदीच असते, कारण वाटेत गाडी उभी असली तर बंब वर चढणार कसा? पण ती अक्षरं १९२३ साली उभी राहिली ती याच वसाहतीतले प्लॉट विकण्यासाठी. तेव्हा पाटी 'हॉलीवूडलँड' होती. 'लँड' १९४९ मध्ये काढलं. लोकांनी इकडे यावं म्हणूनच लावलेली पाटी!

पुण्यात कांचन गल्लीतून टेकडीवर जाणाऱ्या कोणालाही हा पेच नवा नाही. टेकडी सगळ्यांची, पण तिथे पोचायची वाट कोणाच्या तरी दारावरून जाते. म्हणून फाटकालाच कुलूप घालणं मला पटत नाही. गाड्या आवरा, माणसं का अडवता? याच पार्कातल्या ग्रिफिथ वेधशाळेकडे व्हर्मोंट-सनसेटच्या मेट्रो स्टेशनपासून बस जाते. तशी सोय असली की निम्मं भांडण मिटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच कॅन्यन ड्राइव्ह गाठला. हाही रस्ता घरांमधूनच जातो, पण टोकाला पार्कचा छोटासा फुकट वाहनतळ आहे. उजाडताना पोचलो म्हणून जागा मिळाली. जवळच ब्रॉन्सनच्या गुहा आहेत. शहराच्या रस्त्यांना लागणारा दगड काढताना झालेल्या. वेताळ टेकडीवरची खाण आठवलीच. पुढे ब्रश कॅन्यनची कच्ची वाट. सावली नावाला नाही, दोन्हीकडे खुरटी झुडपं, आणि हात लागला की त्यातल्या सेज या झुडपाचा कडवट वास बोटांवर राहतो. जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या वर चाल होते. भाचीने दोन बाटल्या जास्त घ्यायला लावल्या होत्या, त्या सगळ्या लागल्या.

अक्षरं ज्या डोंगरावर आहेत त्या माउंट लीच्या माथ्यावर पोचल्यावर अक्षरं पाठमोरी भेटली, कुंपणापलीकडे, पंचेचाळीस फूट उंच. एका बाजूला बरबँक, दुसऱ्या बाजूला धुरकटातलं अख्खं शहर. बीचवूडची वळणंही खाली दिसत होती.

उतरलो तेव्हा वाहनतळ गच्च भरलेला. एक गाडी आमच्या जागेसाठी थांबली होती. मागे दोन पोरं आणि एक आजी. मी बूट झटकायचे राहू दिले, तशीच आत बसले, आणि भाचीने लगेच गाडी मागे घेतली.