एका दिवसात तीन वारे

रविवार, रात्र

तळव्यांवर दोरीचे वळ उठलेत, पेन नीट धरवत नाही. तरी आजचं आजच लिहून ठेवतो. उद्यापर्यंत मी स्वतःची बाजू सावरून घेईन.

आज शिडाच्या बोटींच्या तीन शर्यती. माझी होबी 14, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी जोडलेली कॅटामरान. चौदा फूट, एकच शीड, पुढे जिब (पुढचं छोटं शीड) नाही, खाली सेंटरबोर्ड (बोट आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडायची फळी) नाही. सोबत ए-क्लास कॅटामरानवाले: 75 किलोपासूनच्या बोटी, 13.94 चौरस मीटर शीड. शिवाय स्पिनेकर (वाऱ्याबरोबर जाताना लावायचं फुगीर शीड) लावलेल्या, दोघादोघांच्या फॉर्म्युला 16 कॅटामरान. स्टार्ट सगळ्यांचा एकच. मग लागलेल्या वेळेला त्या प्रकारच्या बोटीला दिलेल्या आकड्याने भागायचं; हळू बोटीचा आकडा मोठा. माझा आकडा 1.2 आणि समोरच्याचा 1.0 धरला, तर माझी 60 मिनिटं त्याच्या 50 मिनिटांबरोबर. म्हणजे जो दहा मिनिटं आधी पोहोचून कपडे बदलतोय, त्याच्याशी माझी बरोबरी! पाण्यावर काहीच कळत नाही, आपण घड्याळाशी भांडत असतो.

पहिल्या शर्यतीत वारा जेमतेम चार नॉट्स (ताशी सातेक किलोमीटर). डोलकाठीला चिकटून बसलो, मागची टोकं पाण्यातून उचलली जावीत म्हणून. वेग बरा होता. मग टॅक घेताना, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळताना, घाई केली. नाक वाऱ्यात गेलं आणि बोट तिथेच थिजली. जिब असता तर त्याने नाक ढकललं असतं. इथे बूम (शिडाखालचा आडवा दांडा) हाताने बाहेर रेटायचा, सुकाणू उलटं धरायचं आणि मागे मागे सरकत वळायचं. रिक्षा रिव्हर्स घेतल्यासारखं. तेवढ्यात दोन ए-क्लास शेजारून गेल्या, आवाजसुद्धा न करता.

दुसरीत दहा-बारा नॉट्स. याच वाऱ्यासाठी मी हा उद्योग करतो. वाऱ्याकडची होडी हातभर वर, खालची पाणी चिरतेय, मेनशीट (शीड ओढायची दोरी) एका हातात, टिलर (सुकाणूचा दांडा) दुसऱ्या हातात, आणि ट्रॅव्हलरसाठी (ती दोरी डावी-उजवीकडे सरकवण्यासाठी) तिसरा हात कुठून आणायचा ते कुणी सांगत नाही. परतीला सरळ वाऱ्याबरोबर न जाता तिरकं पळालो. रस्ता लांबतो, पण वेग भरून देतो.

आकड्याचं मात्र पटत नाही. तो लांबी, वजन, शीड यांच्या मापांवरून काढतात. वारा कोणता होता हे त्याला कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या पोर्ट्समथ पद्धतीत ब्यूफोर्टप्रमाणे, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या पायऱ्यांप्रमाणे, वेगवेगळे आकडे असतात, ते मला जास्त न्याय्य वाटतं. (मग किनाऱ्यावर भांडण होईल ते वारा नक्की किती होता यावर.)

तिसरीत वीस नॉट्सच्या वर. खुणेला वळून वाऱ्याबरोबर निघालो, झोत आला, खालच्या होडीचं नाक बुडालं, बोट उलटली आणि मी तिच्या पुढे हवेत. बोट परत उभी करायला वजन माझं फक्त 62 किलो. नाक वाऱ्याकडे फिरवलं, दोरीला मागे लटकलो. डोलकाठी वीतभर उचलली जाई, परत खाली. मदतीची बोट घिरट्या घालत होती, तिला हात हलवून नको म्हटलं, उगाचच. शेवटी एका झोताने शिडाखाली शिरून उचललं. पण शर्यत वेळेत पूर्ण केली नाही म्हणजे केलीच नाही.

पहिल्या शर्यतीचा निकाल: चौथा, तिसऱ्याहून आठ सेकंद मागे.

उद्याचा अंदाज चार ते सहा नॉट्स. सकाळी टॅकच घोटायचे.